नीमा सांगेल ते

दाक्षायणी मॅडमनी गुणपत्रक पुढं सरकवलं. "मार्कांची तक्रार नाही," त्या म्हणाल्या. "पण तू वर्गात कुणाशी बोलत नाहीस. डबासुद्धा एकटीच खातेस. आईंना सांग."

नीमा आईकडं वळली. मॅडम म्हणतात मुलगी हुशार आहे, फक्त मैत्रिणींशी गप्पा फार मारते, असं तिनं स्वाहिलीत सांगितलं.

आई हसली आणि मॅडमना हात जोडले. मॅडमना वाटलं, बाईंना आपलं म्हणणं पटलं.

रिक्षातून घरी येताना आईनं मैत्रिणींची नावं विचारली. नीमानं पुढच्या बाकावरच्या दोघींची सांगून टाकली, ऋतुजा आणि काव्या. त्या तिच्याशी कधी वाईट वागल्या नव्हत्या. चांगल्याही नाही.

नीमाचे वडील टांझानियातून सोलापूरला कापडाचं इंजिनिअरिंग शिकायला आले होते. एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात नोकरी लागली आणि ते इथंच राहिले. लग्न करून आईला, रेहेमाला, घेऊन आले. नीमाचा जन्म इथलाच. माल पाठवायच्या कामानं वडील सारखे बाहेरगावी असायचे. आई घर सोडून फारशी कुठं जात नसे. भाजीवाल्याला बोटानं दाखवायची, खालच्या घरमालकीण रत्नम्माकाकूंकडं बघून हसायची. बाकीचं सगळं नीमाकडं. वडील म्हणायचे, तुझ्या आईला भाषेचं अंग नाही, तूच तिची जीभ.

नीमा दुसरीत असताना नवी पेठेतल्या एका दुकानात एका बाईनं न विचारता आईच्या केसांना हात लावला होता. घासणीसारखे लागतात गं, असं ती सोबतच्या बाईला म्हणाली आणि दोघी हसल्या. काय म्हणाल्या, आईनं विचारलं. तुझे केस आवडले म्हणाल्या, नीमानं सांगितलं. आईनं मान लववून त्या बायकांचे आभार मानले. तेव्हा त्या हसायच्या थांबल्या.

मग नीमाला ते जमतच गेलं. दुकानदार, रिक्षावाले, टोमणे मारणारी पोरं, सगळी तिच्या तोंडून आईशी गोडच बोलायची. आईच्या सोलापुरात वाईट माणूस नव्हता. खऱ्या सोलापुरात नीमा एकटी राहायची.

टांझानियात मोरोगोरोला राहणाऱ्या मामेबहिणींना सांगावं, तर व्हिडिओ कॉलवर त्या तिच्या स्वाहिलीलाच हसायच्या. तिला 'इंडियन' म्हणायच्या. इकडं शाळेत कुणीतरी विचारायचं, तुमच्या देशात काय खातात? शेंगाचटणी आणि भाकरी, असं तिच्या तोंडावर यायचं आणि ती गप्प बसायची. जे आईपासून लपवायचं ते सांगायला दुसरं कुणी नव्हतं.

त्या आठवड्यात रत्नम्माकाकू जिना चढून वर आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

"नीमा, आईला सांग बाळ," त्या म्हणाल्या. "रविवारी शिवूचा साखरपुडा हाय. मुलीकडची माणसं येनार. गावाकडची हायत, तुमाला बघितलं की उगं काय काय विचारत बसतील. तेवढा दिवस खाली येऊ नका."

बोलताना त्या फरशीकडं बघत होत्या. वाईट नव्हत्या त्या. नीमाला ताप आला की वर मऊ भात पाठवायच्या. म्हणूनच नीमाला ते जास्त लागलं.

आई वाट बघत होती. नीमाला दुसरं काही सुचेना. रविवारी शिवूदादाचा साखरपुडा आहे, काकूंनी आपल्याला बोलावलंय, असं ती म्हणाली.

आईनं पुढं होऊन काकूंचे दोन्ही हात हातात घेतले. काकू गोंधळल्या आणि घाईनं खाली गेल्या.

आईनं मोठ्या निळ्या फुलांचा पिवळा झगा बाहेर काढला, इस्त्री केला, दाराला टांगून ठेवला. नीमा येता-जाता त्याच्याकडं बघायची. आजारी पडल्याचं सोंग करायचं, तिनं ठरवलं. पण आई म्हणाली, तू झोप, मी एकटी जाऊन येते, तर?

रविवारी सकाळी आई उठलीच नाही. डोक्याला फडकं बांधून पडून राहिली. डोकं फुटतंय, आज जायला जमणार नाही, म्हणाली. काकूंना तसा निरोप दे आणि मेडिकलमधून गोळी घेऊन ये.

नीमाला इतकं हलकं वाटलं की तिला स्वतःचीच लाज वाटली. आईचं डोकं दुखतंय आणि आपण देवाचे आभार मानतोय. निरोप अर्थातच ती देणार नव्हती. परत येऊन सांगायचं, काकू हळहळल्या म्हणून.

जवळचं मेडिकल बंद होतं. ती पार चौकापर्यंत गेली. परत येईतो घरासमोर दोन जीपगाड्या लागल्या होत्या. काठापदराच्या साड्यांतल्या बायका उतरत होत्या. नीमा चटकन शेजारच्या बोळात शिरली आणि घराच्या मागच्या बाजूला आली. वर जाणारा जिना तिथूनच होता, स्वयंपाकघराच्या दाराला लागून.

दारात रत्नम्माकाकू उभ्या होत्या. जिन्याच्या आडोशाला, दिसणार नाही अशी उभी राहून कुणीतरी बाई त्यांच्याशी हळू आवाजात बोलत होती. भाषा काकूंचीच, तसलाच हेल. पाहुण्यांतली असेल, नीमाला वाटलं. ती गेली की वर जावं म्हणून नीमा पाण्याच्या टाकीआड थांबली. काकू पदर तोंडाला लावून नुसत्या ऐकत होत्या.

"आमी वरच हाय, काळजी करू नका," ती बाई म्हणत होती. "पोरगी आता गोळी घेऊन येईल, तेच्या आत सांगते. तुमी आमाला बोलावलंय, असं तिनं मला सांगितलंय. ती दिसली की म्हना, आई आली न्हाय, लई वाईट वाटलं. नीमाचं बोलनं खोटं पडू देऊ नका, रत्नम्मा. आजवर मी एकदाबी पडू दिलं न्हाय."