मिनिटाला चौदा वेळा

न्हाणीघरातल्या पंख्याच्या जाळीला कागदी रुमाल लावला, की तो चिकटून राहायला हवा. पंखा हवा ओढतो आहे, याची ती खूण. आमचा रुमाल चिकटायचा, सुटायचा, पुन्हा चिकटायचा. मिनिटाला चौदा वेळा.

लिमाच्या हिवाळ्यात या बिनखिडकीच्या खोलीच्या भिंती कधी वाळतच नाहीत. बुरशीने मुलीचा खोकला हटत नव्हता. वर्षभर मी घर सोडू म्हणत होते आणि माझा नवरा आबेल म्हणत होता, "आईचं घर आहे गं. आधी पंखा बदलून बघू." आजचा तिसरा.

"बाई, आता पंखेवाल्यालाच जावई करून घ्या," फाउस्टो मिस्त्री शिडीवरून म्हणाले.

"तोंड चालतंय तेवढे हात चालवा," मी म्हणाले.

त्यांनी मेन स्विच बंद केला, पंखा उतरवला आणि भोकात बॅटरी मारली. हवेची नळी वीतभर जाऊन संपत होती. पुढे सिमेंट होतं, जुनं, कुठेही फट नसलेलं.

त्यांना उतरवून मी वर चढले; आबेलने शिडी धरली. रुमाल एका टोकाला धरून भोकापाशी नेला. तो आत ओढला गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. मी घड्याळ बघून मोजलं. चौदा.

"आबेल," मी खाली न बघता विचारलं, "राहायचं की जायचं?"

रुमाल आत ओढला गेला आणि कुणी श्वास रोखून धरावा तसा थांबला. आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत होतो. तो काही बाहेर येईना.

"जाऊ या," आबेल हळूच म्हणाला. "आत्ताच."