नॉर्मलच्या दुप्पट

लेकीची उंची वाढत नाही, असा मी घोषा लावला तेव्हा डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्ट पाहिला आणि माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. लिव्हरच्या तपासण्यांमधला एक आकडा ठळक छापलेला, नॉर्मलच्या दुप्पट! मोबाइलवर शोधलं, तर पुढचं वाचवेना.

"तो मोबाइल ठेव आधी. उगाच घाबरतेस," नवरा म्हणाला, पण दवाखान्याचा जिना माझ्याआधी तोच धावत चढला.

डॉक्टरांनी सगळी पानं सावकाश पाहिली, लेकीचं पोट तपासलं.

"लिव्हरचे बाकीचे आकडे उत्तम आहेत, कॅल्शियमही. आणि ताई, इथे छापलेलं नॉर्मल मोठ्या माणसांचं आहे. आपली हाडं वाढायची थांबलीत, हिची जोरात चाललीत. त्या वाढीचाच हा आकडा."

त्यांनी लेकीला भिंतीवरच्या पट्टीपाशी उभं केलं. सहा महिन्यांपूर्वीच्या नोंदीपेक्षा चक्क तीन सेंटिमीटर जास्त!

नवऱ्याने हुश्श केलं. मी तो ठळक आकडा पुन्हा एकदा डोळे भरून पाहिला आणि विचारलं, "डॉक्टर, याहून थोडा जास्त नसता का हो आला?"