दुबईपुरतं इंधन

धम्मदीपाने इंधनाचा आकडा पाठवला. नेहमी ती तो दोनदा तपासायची. आज तपासला नाही. नागपूरहून दुबईला पोचण्यापुरतं इंधन त्यात होतं. उतरायला रांग असली तर घिरट्या घालायला लागतं, ते तिने काढून टाकलं होतं. दुसऱ्या विमानतळाकडे वळायला ठेवतात, तेही काढलं होतं.

विमान अर्थातच कॉम्प्युटरवरचं. पण सिम्युलेटरवाल्या मंडळींना हे सांगायला कुणी जाऊ नये, मारायला धावतील. त्यांचं वर्षातलं मोठं उड्डाण बघायला हजारो लोक ऑनलाइन बसतात. पाहुणे म्हणून निवृत्त वैमानिक येतात, कॅप्टन लालसिंग, मूळचे मानोऱ्याकडचे.

विमान उडवायचा वाशिमचा श्रेयांस. वडिलांच्या कापड दुकानावरच्या खोलीत त्याचे मोठे पडदे, पायाखाली पेडल, सगळा थाट. धम्मदीपा शेलूबाजारला, भावाच्या जुन्या लॅपटॉपवर. वारा कुठून, वजन किती, इंधन किती भरायचं, हे सगळं तिच्याकडे. श्रेयांस तिचा आकडा डोळे मिटून घ्यायचा. त्याला तो तपासता येत होता कुठे!

गेल्या वर्षी दुबईवर रांग लांबली, बाकीच्या विमानांची तारांबळ उडाली, यांचं इंधन मात्र पुरून उरलं. लालसिंग खूश झाले. "इंधनाचा हिशोब कोनं केला, बाबू?" त्या क्षणासाठी धम्मदीपाने आईला, केशरबाईला, शेजारी बसवून घेतलं होतं.

"मीच, सर," श्रेयांस म्हणाला.

केशरबाई थोडा वेळ वाट पाहत राहिली. मग म्हणाली, "तुयं नाव कवा घेईन तो?"

ते वाक्य वर्षभर धम्मदीपाला टोचत राहिलं. आता भोगू दे त्याला. बेत साधा होता. श्रेयांसच्या घरी सूर्यास्तानंतर कुणी घास तोंडात घालत नाही. त्यामुळे लांबच्या उड्डाणात तो विमान ऑटोपायलटवर सोडायचा आणि खाली जेवायला जायचा. आजही जाईल. परत येईल तेव्हा इंधन संपत आल्याचा लाल दिवा पेटलेला असेल आणि पुढे रांग. हजारो लोकांदेखत हे ध्यान समुद्रात बुडेल. नुसत्या विचाराने तिला गुदगुल्या होत होत्या.

विमान समुद्रावर आलं. श्रेयांसच्या आईची जेवायची हाक त्याच्या माइकवरून सगळ्यांनीच ऐकली. तो उठला नाही. त्याने घसा साफ केला.

"सर, मांगच्या साली मी खोटं बोललो. इंधनाचं सारं धम्मदीपा करते. मले त्यातलं काहीच येत नाही. मी जेवाले चाललो. विमान तिच्या हाती देऊन राह्यलो, आज धम्मदीपाच उतरवीन."

दोघांच्या कॉम्प्युटरवर एकच कॉकपिट जोडलेलं होतं. धम्मदीपाच्या पडद्यावर विमानाचा ताबा तिच्याकडे आल्याची पाटी झळकली. खाली अभिनंदनाचे निरोप धो धो यायला लागले. प्रत्येकात तिचं नाव. तिला भरून आलं, आणि त्याच दमात नजर इंधनाच्या काट्याकडे गेली. तिने श्रेयांसला हाक मारली. कॅमेऱ्यात त्याची खुर्ची रिकामी दिसत होती.

दुबईचा टॉवर सांभाळणाऱ्या सभासदाने कळवलं, रांग मोठी आहे, घिरट्या घाला.

"शाबास, बाई!" लालसिंग हसून म्हणाले. "घाई नोको करू. तुया इंधनात किती घिरट्या होतीन, सांग बरं साऱ्यायले."

धम्मदीपाने माइक सुरू केला. तिचा आवाज त्या लोकांनी आजवर कधी ऐकला नव्हता.

"एकबी नाही, सर."