अठराव्या मजल्यावरची खाडी

घोडबंदर रोडवरच्या त्या प्लॉटवर अजून एक वीटही लागली नव्हती, पण आज बुकिंग म्हणून प्राचीचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

सेल्समननं मोबाइलमध्ये अठराव्या मजल्यावरच्या त्यांच्या फ्लॅटचं लोकेशन टाकलं आणि ड्रोन वर सोडला. "तुमच्या बाल्कनीतनं खाडी कशी दिसेल, बघाच मॅडम!"

स्क्रीनवर खाडी झळाळली. कडेला एक साडी वाळत होती. तीच, प्राचीनं आज पहिल्यांदाच नेसलेली, फक्त विटलेली.

"काय भारी ग्राफिक्स आहेत!" तिचा नवरा संदेश हरखला. "मागे वळवा ना!"

"ग्राफिक्स नाहीत सर, लाइव्ह कॅमेरा आहे," सेल्समन पुटपुटला. ड्रोन वळला.

हवेत कठडा होता. कठड्याशी पांढऱ्या केसांची प्राची.

"अगं, टाटा करतेयस बघ!"

प्राचीनं निरखून पाहिलं. ती टाटा करत नव्हती. दोन्ही हात हलवून ती नको, नको म्हणत होती.