शेंदराखालचा दगड

हौसाक्कानं जाळीच्या दाराचं कुलूप काढलं आणि ती जागीच थबकली. देवीच्या अंगावरचं शेंदराचं कवच फुटून खाली पडलं होतं. आत काळा दगड, त्यावर कोरलेली जुनी अक्षरं: कऱ्हाड, नऊ मैल.

तिला हायसं वाटलं. तिचे वडील रस्त्यावर मैलकुली होते. या मैलाची डागडुजी त्यांच्याकडे असायची, दर दिवाळीला ते या दगडाला चुना लावायचे. रस्ता रुंद व्हायला लागला तेव्हा दगड उखडू नये म्हणून तिनंच त्यावर शेंदूर फासला. जेसीबीवाल्यानं हात जोडले. दगड वाचला, पण गावानं त्याला चौथरा बांधला, जाळी बसवली आणि पूजेला तिलाच बसवलं. इचलकरंजीची लेक राहायला बोलवून थकली. रोजची पूजा टाकून जाणार कशी?

गाव जमलं तशी ती बोलून गेली. "देवी न्हाई ही, मैलाचा दगड हाय. माझ्या बापानं जपला, म्हणून म्या शेंदूर फासून वाचवला. आता मला लेकीकडं जाऊ द्या."

कुणी रागावलं नाही. सरपंचांनी चपला काढून दगडापुढं डोकं टेकलं.

"आक्का, म्हंजी ही सेवा तुमच्या बापापासनं चालत आली," ते उठत म्हणाले. "आमाला ठावंच नव्हतं. आता पूजा तुमच्याच घरात ऱ्हाणार. दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई."

शेजारणीनं शेंदराची नवी वाटी तिच्या हातात दिली. "लेकीला कधी बोलावताय? तिलाबी शिकवाया पायजे की."