ओकखालची खुर्ची

करवतीची घरघर कानावर आली तेव्हा हेस्टर क्लेग टोस्टला मार्मलेड लावत होत्या. त्यांनी खिडकीतून पाहिलं. समोरच्या गॅविनच्या बागेत, ओकच्या बुंध्याशी, हेल्मेट घातलेला एक माणूस करवत सुरू करून बघत होता.

हेस्टरनी एका हातात घडीची खुर्ची घेतली, दुसऱ्या हातात चहाचा मग. रस्ता ओलांडून त्या फाटकातून आत शिरल्या आणि झाडाखाली खुर्ची मांडून बसल्या.

"ओ आजी, उठा बरं," तो माणूस म्हणाला. "फांदी डोक्यात पडली तर भुगा होईल तुमचा."

"म्हणून तर बसलेय."

गॅविन सपाता घालूनच बाहेर धावला. "मिसेस क्लेग, बाग माझी आहे. झाडही माझं आहे."

"आहे की. पण त्याला कौन्सिलचं संरक्षण आहे. विचारल्याशिवाय फांदीसुद्धा तोडता येत नाही. विचारलंस?"

"सोमवारी बघतो ते."

"आज शनिवार, कौन्सिल बंद. सोमवारपर्यंत झाड आडवं. मग दंड भरायचा आणि मोकळं व्हायचं. असंच ना?"

गॅविनचे कान लाल झाले. "भर दुपारी स्वयंपाकघरात दिवा लावावा लागतो मला! तुमचं काय जातंय?"

"मग फांद्या विरळ करायची परवानगी माग. तेवढी देतात ते."

"दुसऱ्याच्या बागेत घुसलाय तुम्ही. पोलिसांना बोलावीन."

"बोलाव ना." हेस्टरनी चहाचा घोट घेतला. "मी थांबते."

गॅविनने खिशातून फोन काढला. त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि परत ठेवून दिला.

करवतवाल्याने हेल्मेट काढलं. "साहेब, परवानगी आहे म्हणाला होतात मला."

गॅविन सपातेच्या टोकाने गवत उकरू लागला.

"यात मीही अडकतो, साहेब." त्याने दोर गुंडाळला, करवत व्हॅनमध्ये टाकली आणि निघून गेला.

गॅविन हिरवळीवर तसाच उभा राहिला, हाताची घडी घालून. हेस्टरही हलल्या नाहीत.

पाऊस आला. आधी भुरभुर, मग चांगलाच. गॅविनचे केस कपाळाला चिकटले, सपाता चिखलात रुतल्या. खुर्चीवर मात्र थेंब नव्हता.

हेस्टरनी खुर्ची जराशी बाजूला सरकवली.

गॅविन आणखी थोडा वेळ भिजला. मग आला, आणि बुंध्याला पाठ टेकून उभा राहिला.