तिसरा तुकडा

दिराने फडक्यात गुंडाळलेली बंदूक वहिनीच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात टेबलावर ठेवली. दोन तुकडे. एक दस्ता, एक नळ्यांची जोडी. एकोणीस वर्षांनी वहिनी आणि सासऱ्यांची दुनळी पुन्हा समोरासमोर आल्या. वहिनीने आधी बंदुकीवरून हात फिरवला, मग दिराकडे पाहिलं.

"नळ्यांखालचं लाकूड बसवून हवंय," दीर म्हणाला. "उद्या क्लबात प्रदर्शन आहे. अध्यक्षांच्या घराण्याची बंदूक म्हणून मधोमध मांडायचीय."

"अध्यक्ष कोण?"

"मीच की, वहिनी."

"असं होय. मग बसा, भाऊजी. स्टुलाचा एक पाय आखूड आहे, अध्यक्षपण सांभाळून."

तिने खण ओढला. आत अक्रोडाच्या लाकडाचे पंचवीस-तीस तुकडे, काही अरुंद, काही रुंद, एक उंदरांनी कुरतडलेला. नळ्यांखालचा हा तुकडा नसेल तर दुनळी उघडताच नळ्या सुटून पायावर पडतात. एकोणीस वर्षांपूर्वी दिराला हे माहीत नव्हतं. थोरल्या भावाला, वहिनीच्या नवऱ्याला, घराबाहेर काढताना त्याने साफसफाईला उघडलेली बंदूकही उचलली, ती दोन तुकड्यांत. बापाने ती थोरल्याला दिली होती, हे सगळ्या घराला ठाऊक. तिसरा तुकडा पाहून म्हणाला, "हे फुटकळ लाकूड कशाला? घाला चुलीत." नवरा काही सांगायला तोंड उघडणार, तोच वहिनीने त्याच्या पायावर पाय दिला होता.

"निवडा," ती म्हणाली.

दिराने सगळ्यात रुंद, सगळ्यात चकचकीत तुकडा उचलला. वहिनीने रॉकेलची चिमणी पेटवून बंदुकीच्या लोखंडावर काजळी धरली. "आता दाबा. काळं लागेल तिथे अडतंय."

त्याने दाबून पाहिलं. लाकूड आतून सगळं काळं झालं.

"नखशिखांत अडतंय," वहिनी म्हणाली. "दुसरं घ्या."

दुसरं झालं, पाचवं झालं. दिराच्या पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत काळ्या झाल्या. पुसायचं फडकं वहिनीच्या मांडीवर होतं. तिथेच राहिलं.

"तासून बसवता येईल एखादं," ती म्हणाली. "चार दिवस लागतील."

"तासलेलं नकोय." दिराचा आवाज खाली आला. "परीक्षक लाकडाच्या आतला नंबर बंदुकीच्या नंबराशी जुळवून बघतात. मूळचंच हवं. दादाकडे राहिलं होतं ना ते? तुम्ही सांभाळून ठेवलंच असणार."

"ठेवलंय तर. रोज दहा जणांचा हात लागतो त्याला. मघाशी तुमचाही लागला."

दीर खोलीभर बघू लागला. वहिनीने हनुवटीने दार दाखवलं. दाराला बाहेरून मूठ होती. वीतभर अक्रोड, दोन स्क्रू, गिऱ्हाइकांच्या तळव्यांनी नक्षी पार गुळगुळीत झालेली.

त्याचे कान लाल झाले. पण गरज त्याची होती.

"काढून द्या, वहिनी."

"स्क्रू बाहेरून आहेत. हा घ्या पेचकस. माझे गुडघे कुठे वाकतायत आता."

तो बाहेर गेला. दाराला स्प्रिंग होती, ते त्याच्यामागे आपसूक मिटलं. स्क्रू कुरकुरत फिरू लागले. वहिनी बसल्या जागी मोजत होती. एक निघाला. दुसऱ्याने बराच वेळ घेतला.

"निघालं," बाहेरून आवाज आला. "नंबर आहे, वहिनी. शाबूत आहे."

वहिनी ताडकन उठली आणि आतून कडी घातली.

बाहेर दारावर हात फिरू लागले. धरायला काही नव्हतं.

"दार उघडा. बंदूक आत राहिली माझी."

वहिनीने फडकं उचललं, बंदुकीवर उमटलेली दिराची काळी बोटं सावकाश पुसली. दस्ता आणि नळ्या तिने नवऱ्याच्या हातोड्यांशेजारी, त्याच्या फळीवर ठेवल्या.

"वहिनी, ऐकताय ना? नुसतं लाकूड घेऊन मी काय करू?"

"चुलीत घाला, भाऊजी," वहिनी म्हणाली.